दादा आजारी आहे, आणि तुम्ही? कोकणात भावंडांचा गट सुरू करायचा तर

घरात एकाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा वर्षानुवर्षं न हटणारं नैराश्य असलं की लोकांची विचारपूस ठरलेली असते. आजारी माणसाची होते, आईची होते. "खूप सोसलं हो तुझ्या आईने." पाठच्या बहिणीला किंवा धाकट्या भावाला मात्र जो तो एकच विचारतो, "दादा कसा आहे आता?" या प्रश्नाला उत्तरं देता देता माणूस चाळिशी गाठतो आणि स्वतःबद्दल बोलायची सवयच मोडते. भावंडांचा गट असतो तो एवढ्यासाठी. महिन्यातून एकदा दीडेक तास, चार-सहा जण, प्रत्येकाच्या घरी असा एक भाऊ किंवा बहीण. आणि बैठकीचा विषय तुम्ही.

असा गट कधी पाहिलाच नाही, पण आपल्या तालुक्यात असावा असं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी अशाच घरातली आणि अशा बैठकांना बसणारी, त्यामुळे काही मतं ठाम आहेत. पटली नाहीत तर सोडून द्या.

गटात काय होतं, काय होत नाही

गटात निदान होत नाही, औषध बदलून मिळत नाही. ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं. घरात जे बोलता येत नाही ते इथे बोलता येतं आणि ऐकणारा दचकत नाही, एवढंच होतं.

एका बैठकीत एक जण खाली बघत म्हणाला, "परवा त्याच्या ताटात मी मासा वाढला नाही. तुकडी शिल्लक होती, मुद्दाम नाही वाढली. रात्रभर आरडाओरडा केला होता त्याने." हा माणूस गावात भावाला फुलासारखा सांभाळणारा म्हणून नावाजलेला. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग पलीकडची बाई म्हणाली, "मी हिचे कपडे आठ दिवस तसेच ठेवले होते. धू म्हटलं तुझे तू." त्यानंतर ती दोघं जे काही बोलली, ते आपापल्या आईसमोर जन्मात बोलली नसती.

म्हणूनच आईवडिलांना या बैठकीत घेऊ नका. आई समोर बसली की पन्नाशीची भावंडंही पुन्हा गुणी मुलं होतात, आणि "आमचं काय, आम्ही करतोच" यापलीकडे गाडी सरकत नाही. आईवडिलांचे गट असावेत, जरूर असावेत, पण वेगळे.

वहिनीचा प्रश्न जास्त अवघड. कोकणातल्या कितीतरी घरांत आजारी दिराचं जेवणखाण, गोळ्या, अंघोळ सगळं वहिनी बघते, आणि बैठकीला मात्र तिचा नवरा येतो. आजारी माणसाचीच बायको असेल तर "लग्नाच्या वेळी आम्हाला सांगितलं नाही" ही तिची तक्रार असते, आणि ती खरी असते. पण ज्यांनी सांगितलं नाही त्यांतलंच एक भावंड समोर बसलेलं असतं. दोघं एका खोलीत आली की बैठकीचं कोर्ट होतं. वहिनींसाठी निराळी बैठक कोणीतरी सुरू करायला हवी. सध्या मी भावंडांपुरतंच बोलते.

डॉक्टरांनाही कायमचं बसवू नका. वर्षातून एखाद्या वेळी प्रश्न विचारायला बोलवा. पांढरा कोट खोलीत असला की सगळे आजारी माणसाच्या गोळ्यांबद्दल विचारू लागतात आणि स्वतःबद्दलचं बोलणं राहून जातं.

आधी चौकशी करा

नवीन सुरू करण्याआधी जवळपास काही चालू आहे का ते बघा. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली जुनी चार. मालवणी मुलखात "तेका रत्नागिरीक धाडूक व्हया" हा विनोद म्हणून बोलला जाणारा शेरा आपण सगळ्यांनी ऐकलाय, बहुतेकांनी गिळलाय. त्या शेऱ्यामुळेच तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन चौकशी करायचीही लाज वाटते. जा. तिथल्या किंवा जिल्हा रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना विचारा, "नातेवाइकांच्या बैठका होतात का?" जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसंही जिल्हा रुग्णालयातच भेटतात.

पुण्याला किंवा ठाण्याला जाणं होत असेल तर तिथली एखादी बैठक बघून या. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन १९९७ पासून काम करते आहे, ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही मानसिक आरोग्याची संस्था) १९९० पासून. तिथे आईवडील, नवरा-बायको, भावंडं असे सगळे कुटुंबीय भेटतील, निव्वळ भावंडंच भेटतील असं नाही. पण बैठक चालवायची कशी हे बघून जेवढं कळतं तेवढं वाचून कळत नाही.

दुसरं माणूस शोधा

गटाला सुरुवातीला फक्त दोन माणसं लागतात. एक तुम्ही. दुसरं सापडायला वेळ लागेल, कारण वाडीत सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कोणी काही बोलत नाही. "त्यांच्याकडे पण एक आहे" हे तुम्हाला ठाऊक असतं, तुमच्याकडे आहे हे त्यांना. तरी पहिल्यांदा त्याच वाडीत हात घालू नका. लग्नकार्य, बांधाचा वाद, पाण्याची पाळी असली शंभर नाती तिथे गुंतलेली असतात.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांचा दवाखाना. सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण, खेड, कुठेही ठरावीक वारी तेच ते चेहरे बाकावर दिसतात. आजारी माणसाबरोबर आलेलं, त्याच्याच वयाच्या आसपासचं, हातात फाइल आणि पिशवी धरलेलं माणूस बहुतेक वेळा भावंड असतं. तरी थेट जाऊन "तुमचा पण भाऊ का?" असं विचारू नका. डॉक्टरांना किंवा कंपाउंडरना एक चिठ्ठी देऊन ठेवा: "आजारी भावाची किंवा बहिणीची काळजी घेणाऱ्या भावंडांशी बोलायला आवडेल", खाली फोन नंबर. त्यांनी त्यांच्या ओळखीतल्या दोघा-तिघांना द्यावी. समोरच्याला वाटलं तर तो फोन करेल. डॉक्टरांनी मात्र दुसऱ्याचं नाव-नंबर तुम्हाला देऊ नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे, आणि उद्या तेच बंधन तुमच्या भावाच्या उपयोगी पडणार आहे.

नाक्यावर पत्रक लावण्याच्या मी विरोधात आहे. ते वाचून येणाऱ्यांपेक्षा कोण येतंय ते बघायला येणारे जास्त.

आजारी भावाला सांगायचं का, की मी अशा बैठकीला जाते? तो बरा असेल, बोलण्याच्या स्थितीत असेल, तर सांगा. "मी माझ्यासाठी जाते, तुझ्या चहाड्या करायला नाही." संशयाचा आजार असेल तर लपवलेलं उघडं पडणं जास्त महागात जातं. पण त्याची परवानगी घेऊन जायचं असा याचा अर्थ नाही. त्याची खाजगी गोष्ट त्याची, तुमचं दुखणं तुमचं.

जागा आणि वेळ

कोणाच्याही घरी बैठक नको. घरी चहा करावा लागतो, चहा करणारीला आतून सगळं ऐकू येतं आणि शेजारीण डोकावते. देवळाच्या सभामंडपात नको, ग्रामपंचायतीत तर नकोच. तालुक्याच्या गावचं वाचनालय सगळ्यात बरं. कोकणात वाचनालयांची परंपरा जुनी, रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. अशा ठिकाणी जाताना कोणी "खंय चललंस?" म्हणून हटकलं तर "पुस्तक बदलूक" हे उत्तर तयार असतं. शाळेचा रविवारचा वर्गही चालतो, फक्त बाकं गोलात लावता यायला हवीत. इतकं करून एखाद्याला आपल्या तालुक्यात यायचा संकोच वाटतच असेल, तर त्याला शेजारच्या तालुक्यातल्या गटात जाऊ द्या. देवगडच्या माणसाने कणकवलीला जाण्यात काही वावगं नाही.

वेळ एसटी बघून ठरवा. वस्तीच्या गाडीवर अवलंबून असलेला माणूस संध्याकाळी पाचला संपणाऱ्या बैठकीला येऊन करणार काय? अकरा ते साडेबारा ही वेळ बहुतेकांना जमते. बाजारही होतो, गाडीही मिळते.

आणि वर्षाचं वेळापत्रक आपल्या मुलखाप्रमाणे ठेवा. आंब्याच्या हंगामात बागायतदार येणार नाहीत, लावणीच्या दिवसांत शेतकरी येणार नाहीत. याउलट १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते, तेव्हा हर्णै-मालवणकडच्या लोकांना सवड असते. एक-दोन महिने दोनच माणसं आली तरी बैठक करा. तारीख बदलायची नाही. "महिन्याचा दुसरा रविवार" म्हणजे दुसराच रविवार. फोन करून विचारावं लागतं असा गट सहा महिन्यांत बंद पडतो.

पहिली बैठक

सुरुवातीला एकाने नियम वाचून दाखवायचे. फार नकोत. आमच्या कागदावर इतकेच आहेत:

इथे ऐकलेलं इथेच राहील, नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगायचं नाही.
आजारी माणसाचं नाव घ्यायचं नाही, "माझा भाऊ", "माझी बहीण" म्हणायचं.
एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही.
विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही.
बोलायचं नसेल तर नुसतं बसलं तरी चालेल.

चौथा नियम सगळ्यात जास्त मोडतो. आपण कोकणी माणसं, सल्ला दिल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. "आमच्याकडे असंच होतं, आम्ही अमक्या डॉक्टरांकडे नेलं आणि..." सुरू झालं की चालवणाऱ्याने मध्येच थांबवायचं: "ते नंतर चहाच्या वेळी. आधी यांचं होऊ दे." जरा उद्धट वाटतं, पण थांबवायचंच.

मग एकेकाने बोलायचं. इथे नवीन माणूस हमखास एका वाटेने जातो: पहिला झटका केव्हा आला, कोणत्या दवाखान्यात नेलं, किती शॉक दिले, किती खर्च झाला. वीस मिनिटं झाली तरी भावाचीच फाइल चालू. पहिल्या वेळी बोलू द्या, ते साचलेलं असतं. दुसऱ्या बैठकीपासून मात्र आजाराची हकिकत दोन वाक्यांत सांगायची आणि मग प्रश्न यायचा: "आणि तुमचं काय चाललंय?" या प्रश्नावर बरीच माणसं अडखळतात. कोणी रडतं. कोणी म्हणतं, "माझं काय असणार?" घाई करू नका.

शेवटची पंधरा मिनिटं चहा आणि कामाच्या गोष्टी: कोणत्या दुकानात गोळ्या मिळतात, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं काय झालं. तेव्हा सल्ले चालतील. पैशांचा हिशेब ठेवावा लागेल असं काही करू नका. प्रत्येकाने आपला चहा आणावा किंवा आळीपाळीने द्यावा. वर्गणी आली की खजिनदार येतो, खजिनदार आला की भांडण येतं.

गावचा भाऊ, मुंबईचा भाऊ

आपल्याकडच्या गटात हा विषय येणारच. तो दाबू नका, कारण इतर ठिकाणच्या गटांना हा प्रश्न इतक्या टोकाला जाऊन भेटत नाही.

घरात तीन भावंडं असली तर एक आजारी, एक गावात राहिलेला आणि एक चाकरमानी, किंवा लग्न होऊन गेलेली बहीण. गावातला म्हणतो, "पैसे पाठवले की झालं यांचं." मुंबईचा म्हणतो, "नालासोपाऱ्याच्या खोलीत चार माणसं, वर महिन्याच्या औषधांचे पैसे, तरी माझंच तोंड वाईट." सासरच्या बहिणीला माहेरी येऊन काही करायचं तर नवऱ्याची मर्जी, आणि आल्यावर "तू काय, चार दिवस येणार" हे ऐकायचं. तिघंही खरं बोलत असतात.

गणपतीत हे सगळं वर येतं. मुंबईहून भाऊ येतो, आजारी भावासाठी नवा शर्ट आणतो, प्रेमानेच आणतो. आरतीला वाडी जमलेली असते आणि तो सगळ्यांसमोर विचारतो, "गोळ्या घेतोस ना रे वेळेवर?" आजारी भाऊ टाळ खाली ठेवून मागल्या दाराने निघून जातो. मग रात्री गावातला भाऊ मुंबईच्याला बोलतो, वर्षभराचं बोलतो. पुढचे पाच दिवस घरात मखर सुंदर आणि माणसं गप्प.

गटाला यात करता येण्यासारखं थोडं आहे, पण ते नेमकं आहे. गौरी-गणपती गेल्यावर, मुंबईची गर्दी परतायच्या आत एक जादा बैठक ठेवा, तशीच मे महिन्यात आणि शिमग्याला. चाकरमानी भावंडांना बोलवा. एका घरची दोन भावंडं शक्यतो एका बैठकीत नकोत. तुमच्या मुंबईच्या भावाला दुसऱ्या कोणाच्या तरी गावच्या भावाचं ऐकू द्या. स्वतःच्या भावाकडून ऐकलं तर तो आरोप वाटतो, परक्याकडून तेच ऐकलं तर माणूस विचार करतो. उलट बाजूनेही तसंच.

पैशाऐवजी दुसरं काय करता येईल तेही बैठकीत ठरवता येतं. मुंबईच्याने वर्षातून आठ दिवस येऊन गावच्याला पूर्ण सुटी द्यायची, गावच्याने त्या दिवसांत घरात थांबायचंसुद्धा नाही. ज्या घरांनी हे केलं त्यांनी नंतर इतरांना आग्रहाने सांगितलेलं मी ऐकलं आहे.

घरातल्या वातावरणाचा आजारावर परिणाम होतो हे जुनं संशोधन आहे. लंडनमध्ये १९५०च्या दशकापासून जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सतत टोचून बोलणं, राग आणि अति काळजी असलेल्या घरांत परतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा आजार जास्त वेळा उलटतो. हे गटात सांगा, पण जपून. "तुमच्या बोलण्यामुळे तो आजारी पडला" असा अर्थ कोणीही घेऊन जाता कामा नये. आजार घरच्यांमुळे होत नाही. आणि अति काळजीही त्या यादीत आहे, हे ऐकून बहिणींना जरा मोकळं वाटतं.

देवस्कीचा विषय

"बाहेरचं काहीतरी आहे", "देवाचा काय तरी ऱ्हवला आसा", "भाऊबंदांनी केलंय": हे बोललं जाणार. गटात कोणी कौल लावला, गाऱ्हाणं घातलं असं सांगितलं तर त्याला हसू नका आणि भाषणही देऊ नका. आपण बहुतेकांनी ते केलेलं असतं, आईच्या समाधानासाठी का होईना. माझी रेघ दोन ठिकाणी आहे. देवाला गाऱ्हाणं घाला, पण गोळी बंद करू नका. आणि अंगातलं काढायचं म्हणून मारहाण, बांधून ठेवणं, धुरी देणं चालणार नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं किंवा साखळदंडाने बांधणं हा राज्याच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. गावात कोणी तसं करायला निघालं तर भावंडाने एकट्याने अंगावर घ्यायचं नाही, गटातल्या एकाला सोबत न्यायचं.

"माका पण होतला काय?"

हा प्रश्न उशिरा येतो, तिसऱ्या-चौथ्या बैठकीला, आणि बहुतेक वेळा चहाच्या वेळी हळूच येतो. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर ही शक्यता शंभरात नऊ-दहाच्या आसपास जाते. म्हणजे धोका वाढतो हे खरं, आणि शंभरातल्या नव्वद भावंडांना तो होत नाही हेही खरं. आजार बहुतेकदा विशीच्या आसपास किंवा तिशीपर्यंत सुरू होतो, त्यामुळे पंचेचाळिशीच्या माणसाने रोज सकाळी स्वतःला तपासत बसायचं कारण नाही. गांजापासून मात्र दूर राहा. घराण्यात हा आजार असलेल्यांना त्याचा धोका जास्त, आणि हे पुढच्या पिढीच्या पोरांना स्पष्ट शब्दांत सांगा.

लग्नाचा प्रश्न याच्याच पाठोपाठ येतो. स्थळ बघताना सांगायचं का? याचं एक उत्तर गटाने देऊ नये. ज्यांनी सांगितलं त्यांनी काय झालं ते सांगावं, ज्यांनी लपवलं त्यांनीही. मी सांगण्याच्या बाजूची आहे, पण ते माझ्यापुरतं.

कागद

भावना मोकळ्या झाल्या की माणसं विचारतात, "आईच्या मागे काय?" या भीतीला बोलण्याइतकाच कागदांचा उतारा लागतो. वर्षातून एक बैठक फक्त यासाठी ठेवा.

नामनिर्देशित प्रतिनिधी: २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे कोणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने, आपला प्रतिनिधी नेमू शकतो. प्रतिनिधी सज्ञान असावा आणि त्याची लेखी संमती असावी. उपचारांबद्दल माहिती विचारणं, डिस्चार्जच्या वेळी सहभागी होणं, गरज पडल्यास भरतीसाठी अर्ज करणं ही कामं तो करतो. भाऊ बरा असताना त्याच्याशी बोलून हे करून ठेवा, आणि त्याने तुमच्याऐवजी मावशीला नेमलं तर राग धरू नका. मुंबईहून फोन करून डॉक्टरांकडे माहिती मागणाऱ्या भावंडांची अडचण बऱ्याचदा हा कागद नसल्यामुळेच होते.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार हा २१ प्रकारांपैकी एक आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बऱ्याच योजना लागू होतात. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. त्यानंतर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात चौकशी करा. वडील सरकारी नोकरीत किंवा शिक्षक होते आणि पेन्शन घेतात? मग स्वतः कमवू न शकणाऱ्या अपत्याला पुढे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. वडील असतानाच त्याची नोंद करायचा प्रयत्न करा, नंतर फार खेटे घालावे लागतात. आणि चाकरमानी भावंडांनी हेही बघावं: अवलंबून असलेल्या दिव्यांग भावाबहिणीसाठी प्राप्तिकरात ७५,००० रुपयांची वजावट आहे, अर्थात जुन्या कररचनेत कर भरणाऱ्यांना.

जमीन: सातबाऱ्यावर आजारी भावाचं नाव असेल तर ते राहू द्या. "त्याला काय कळतंय" म्हणून हक्कसोडपत्रावर त्याची सही घेण्याचा विषय गटात निघतो, कधी चांगल्या हेतूनेही निघतो. गटाने त्यात पडू नये. वकिलाकडे पाठवा. पैसे परवडत नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे.

धोक्याची वेळ

कोणी बैठकीत "आता मला जगायचं नाही" म्हणालं, आणि भावंडंही असं म्हणतात, तर ते "बोलण्याच्या ओघात" म्हणून सोडू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्या माणसाला एकट्याने एसटीत बसवून देऊ नका. टेलिमानस १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. तो नंबर नियमांच्या कागदावर खाली लिहून ठेवा. तातडीचं असेल तर १०८ ची रुग्णवाहिका, घरात मारहाण चालू असेल तर ११२. मारहाणीबद्दल एक गोष्ट: आजारी आहे म्हणून मार खात राहायचं असं कोणत्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. बहिणी हे फार उशिरा सांगतात. सांगितलं की आधी तिच्या रात्रीच्या झोपण्याची सोय बघा, बाकीचं नंतर.

चालू ठेवायचा तर

व्हॉट्सअॅप गट फक्त तारीख, वेळ आणि जागेसाठी. तिथे मन मोकळं केलेलं कधी कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. मोबाइल घरात सगळ्यांचे असतात. गटाचं नावही साधं ठेवा, "वाचन मंडळ" सुद्धा चालेल.

बैठक चालवणारा दर चार-सहा महिन्यांनी बदला. घरी सगळ्यांना सांभाळणारं माणूस गटातही सगळ्यांना सांभाळायला बसतं, आणि मग त्याला बोलायला जागा उरत नाही. चालवायला शिकवायचं म्हणजे काय, तर नियम वाचणं, वेळ बघणं आणि सल्ले थांबवणं. एवढंच तर आहे. जो म्हणतो "मला नाही जमणार", त्याच्याकडे पुढच्या वेळी घड्याळ द्या. काही जण दोन-तीन वेळा येऊन थांबतील. त्यांच्या मागे लागू नका, फक्त वर्षातून एक फोन करा: बैठक अजून दुसऱ्या रविवारीच आहे, अकरा वाजता, त्याच जागी.